मातीचा तीनमजली कंपोस्ट संच: इंदूरच्या घरात तो घ्यावा का?

ज्या शहरात ओला कचरा रोज सकाळी दारातून वेगळा उचलला जातो, त्या शहरात घरच्या घरी खत करण्याच्या मातीच्या संचावर अडीच-तीन हजार रुपये खर्च करावेत का, हा या परीक्षणाचा मूळ प्रश्न आहे. पुण्या-मुंबईकडे मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो, त्यामुळे तिथे अशा साधनाची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. इंदूरमध्ये द्यावी लागते. आमच्या लोकमान्य नगरातल्या घरी संच आला तेव्हा सौभाग्यवतींनी पहिलाच प्रश्न केला, "अहो, गाडी दारापाशी येते, मग ही उतरंड कुणासाठी?" तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर माझे उत्तर असे आहे, की खत करण्याचे साधन म्हणून ही वस्तू मध्यम प्रतीची आहे आणि मे महिन्यात तर त्याहूनही उणी ठरते, परंतु घरात किती अन्न शिजते, किती खाल्ले जाते आणि किती टाकले जाते यावर नजर ठेवायला लावणारी वस्तू म्हणून ती किमतीपेक्षा जास्त मोलाची आहे.

संच बनवणाऱ्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. असे संच ठिकठिकाणचे कुंभार आणि लहान-मोठे विक्रेते तयार करतात, रोपवाटिकांत मिळतात, ऑनलाइनही मिळतात, आणि त्यांची घडण इतकी सारखी असते की एकाबद्दल लिहिलेले बहुतेकांना लागू पडते. एकावर एक बसणारी तीन मडकी आणि वर झाकण, एवढाच ऐवज. वरच्या दोन मडक्यांना बूड नसते. त्या जागी खालच्या काठाच्या भोकांतून ओवलेल्या दोरीची जाळी असते आणि तिच्यावर वर्तमानपत्राचा थर घालून वापराला सुरुवात करायची असते. तळाचे मडके मात्र बुडाचे. बाजूंना करंगळी जाईल एवढी भोके आहेत, त्यांतून हवा खेळते. माती भाजलेली पण बिनझिलईची असल्यामुळे आतली ओल भिंतीतून झिरपून बाहेर येते, तिथे वाळते, आणि काही आठवड्यांत मडक्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरट खार फुटतो. हा दोष नव्हे. ओल बाहेर पडत असल्याची ती खूण आहे. ओल्या फडक्याने पुसला की खार जातो आणि पुन्हा येतो. ज्यांना दिवाणखान्यालगतच्या बाल्कनीत शोभेची वस्तू हवी आहे, त्यांनी हे आधी समजून घ्यावे.

वजनाबद्दल विक्रेते फारसे बोलत नाहीत, ते मला खटकले. रिकामे मडके कुणीही उचलील. परंतु भरलेले मडके काठाला धरून उचलायचे, खालचे सरकवायचे आणि पुन्हा वर बसवायचे, हे साठीच्या पुढच्या माणसाने एकट्याने करण्याचे काम नाही. पकडायला कान किंवा कडी नसल्याने घामेजल्या हातांतून मडके निसटण्याची भीती राहते. माझ्या संचातले मधले मडके तर काठापासून बोटभर तडा घेऊनच पेंढ्यातून बाहेर आले. एकटे मडके बदलून मिळणार नाही, संपूर्ण संच परत पाठवावा, असे विक्रेत्याने कळवले. मातीच्या वस्तूच्या बाबतीत हे उत्तर अन्यायाचे आहे, कारण परतीच्या प्रवासात उरलेली दोन फुटण्याचीच शक्यता जास्त. शेवटी तारेचा वेढा घालून तेच मडके वापरात घेतले आणि ते अजून टिकून आहे.

पद्धत सोपी आहे. रोजचा ओला कचरा वरच्या मडक्यात घालायचा आणि त्यावर साधारण तेवढाच सुका माल, म्हणजे चुरलेली वाळकी पाने, भुसा किंवा कोकोपीट, पसरायचा. अधूनमधून काठीने वरखाली करायचे. वरचे मडके भरले की ते मधल्या जागी जाते आणि मधले रिकामे वर येते. तेही भरले की आधीच्यातला अर्धवट कुजलेला माल तळाच्या मडक्यात ओतून मुरत ठेवायचा. सालीपासून काळ्या, भुसभुशीत खतापर्यंतचा प्रवास अडीच-तीन महिन्यांचा आहे. विक्रेत्यांच्या जाहिरातींत महिन्या-दीड महिन्याची भाषा असते, ती वरचे मडके भरण्यापुरती खरी मानावी.

सुक्या मालाबाबत सोबतची पुस्तिका फारच त्रोटक आहे, आणि या साधनाचे यश तर त्यावरच अवलंबून आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र मानवते. भाजीपाल्याच्या कचऱ्यात नत्र आणि पाणी दोन्ही जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त, म्हणून दोघांची सांगड घालावी लागते. पाने कमी पडली की मडक्यातला माल चिकट होतो, हवा कोंडते, आंबूस वास सुटतो आणि चिलटे जमतात. पाने फार झाली की काहीच घडत नाही. ओल बरोबर आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. मूठभर माल दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखादाच थेंब यावा. धार लागली तर पाने घालावीत, काहीच आले नाही तर पाणी शिंपडावे.

पुस्तिकेचा सगळा भर मात्र सोबत दिलेल्या भुकटीवर आहे. हे जिवाणूंचे विरजण दर भरावाला मूठभर घालावे आणि संपले की पुन्हा मागवावे, अशी अपेक्षा असते. पहिल्या भरावाला ते उपयोगी पडते हे मान्य, परंतु नंतर त्याची गरज उरत नाही. तयार खताची ओंजळ नव्या मडक्यात टाकली, किंवा आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून ते शिंपडले, तरी काम चालते. विरजणाला विरजण लागते हे ज्या घरात रोज दही लावतात तिथे वेगळे सांगायला नको. भुकटीचा पुन्हा पुन्हा येणारा खर्च धरला तर संचाची मूळ किंमत फसवी ठरते, म्हणून हा मुद्दा इथे लांबवला.

वाळक्या पानांचे इंदूरमध्ये दुर्भिक्ष नाही, फक्त ती वर्षभर मिळत नाहीत. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब, पिंपळ आणि शिसव यांची पानगळ होते तेव्हा गल्लीतून दोन गोणी भरून ठेवल्या की पावसाळ्यापर्यंतची सोय होते. पिंपळाची पाने हाताने चुरून घ्यावीत, नाहीतर ती अख्खीच्या अख्खी चाळणीत परत येतात. कडुनिंबाच्या पानांनी चिलटे कमी होतात असा आमचा अनुभव आहे. कोकोपीट सोयीचे आहे, पण केरळ-तामिळनाडूकडून विटांच्या रूपात येणारी वस्तू विकत घ्यायची आणि गल्लीतली पाने मात्र झाडूवाल्यांनी गोळा करून न्यायची, हे या उद्योगाच्या हेतूशी जुळत नाही.

आता हवामान. पाऱ्याने चाळिशी ओलांडली की मातीचे मडके आतला माल थंड ठेवते खरे, पण त्याच ओघात त्याला कोरडाठाक करते. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी शिंपडले नाही तर कुजण्याची क्रिया थांबते आणि साली सुकून कागदासारख्या होतात; आठवडाभर घर बंद ठेवून गावाला जाणाऱ्यांना परतल्यावर सगळे होते तसेच सापडेल. संच पूर्ण सावलीत ठेवणे आणि उन्हाळ्यात बाहेरून गोणपाट गुंडाळणे, एवढाच इलाज आहे. पावसाळ्यात उलटा प्रकार. हवेतच ओल असल्याने भिंतीतून पाणी बाहेर पडत नाही, तळाच्या मडक्यात काळपट रस साचतो आणि करड्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या दिसू लागतात. त्या पाहून आमच्या सूनबाईंनी आठवडाभर त्या बाजूला जाण्याचेच टाळले. या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, घरमाशीसारखे रोग पसरवत नाहीत आणि ओला कचरा झपाट्याने खातात. त्या नको असतील तर पानांचे प्रमाण वाढवावे. थंडीत काम संथ होते, पण वास आणि चिलटे जवळपास नाहीशी होतात. मला हाच काळ सर्वांत सुखाचा वाटला.

माळव्यातल्या स्वयंपाकघरातून जे निघते ते सगळेच या मडक्याला पचत नाही. थंडीत इथल्या घराघरांत बटले, म्हणजे मटार, सोलण्याचा कार्यक्रम चालतो आणि सालींचा ढीग दाण्यांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो. त्या साली उत्तम कुजतात, मात्र एकाच दिवशी सगळ्या ओतल्या तर मडके गरम होऊन वास मारते. पावसाळ्यातल्या भुट्ट्याची कणसे, म्हणजे दाणे काढल्यावर उरलेले बुरखुंडे, महिनोन् महिने तशीच राहतात, आणि आंब्याच्या कोयी व नारळाच्या करवंट्या त्यांच्याही वरच्या. हे सरळ गाडीत द्यावे. गराडू या इथल्या कंदाच्या साली चालतात, फक्त त्यांची खाज हाताला लागू नये म्हणून त्या उचलताना काळजी घ्यावी. चहाचा चोथा दूध-साखरेचा असतो, तो पाण्याखाली धरून मग घातला तर मुंग्या लागत नाहीत. गणपतीतले निर्माल्य, विशेषतः दूर्वा आणि झेंडू, छान जिरते. हारातला दोरा आणि जरीची पट्टी आधी काढायला हवी. तयार खत चाळताना वर काय उरते हे प्रत्येकाने एकदा पाहण्यासारखे आहे. आमच्या चाळणीत सफरचंदावरचे चकचकीत स्टिकर जसेच्या तसे निघाले, अक्षरेही वाचता येत होती. शिवाय कोथिंबिरीच्या जुडीची रबरे, चहाच्या पुडीची बारीक जाळी आणि लहान नातीच्या बशीतून गेलेला एक चमचा.

शिजलेले अन्न मात्र या मडक्यात जवळजवळ नकोच. भात, पोळी, तेलाची भाजी, आमटी, दही यांनी ते आंबते, चिकट होते, उंदीर-घुशींना आमंत्रण मिळते. पुस्तिकेत ही सूचना बारीक अक्षरांत एका ओळीत दिली आहे. माझ्या मते ती मुखपृष्ठावर छापायला हवी होती, कारण ती पाळायची ठरवली की घरातली व्यवस्था बदलते. पूर्वी ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात साली, देठ, उरलेली भाजी, वाळलेली पोळी असे सगळे एकत्र पडत असे, आणि डबा भरला एवढेच कळत असे. आता साली मडक्यात गेल्या आणि शिजलेले उरले ते गाडीसाठी एका वाडग्यात वेगळे राहू लागले. हा वाडगा मोरीजवळच्या ओट्यावर उघडा असतो. त्यात काय आहे हे जाता-येता सगळ्यांना दिसते.

साली, देठ, बिया यांना पर्याय नाही, त्या निघणारच. वाडग्यात जे असते ते मात्र टाळता येण्यासारखे असते. आमच्या वाडग्यात बहुतेक दिवशी कुकरच्या डब्याला चिकटलेला भात, मुलांच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी आणि चमचा-दोन चमचे भाजी असे. सौभाग्यवतींचे निरीक्षण नेमके होते: "आलाच कुणी तर म्हणून लावलेला भात, कुणी न आल्यावर सकाळी वाडग्यात येतो." मग तांदळाच्या मापाची वाटी लहान झाली, पोळ्या लाटण्यापूर्वी ज्याला त्याला विचारण्याची पद्धत पडली, आणि पाहुणा आलाच तर दहा मिनिटांत होणाऱ्या पिठल्यावर भिस्त ठेवली. इथे कुणी उपदेश केला नाही आणि कुणाला फलक लावावा लागला नाही. शिजलेले अन्न वेगळे दिसण्याची सोय झाली, एवढेच घडले, आणि मडक्याच्या किमतीचा मोठा भाग मी त्यासाठीच दिला असे समजतो.

हा बदल खतापेक्षा मोलाचा का, ते आकड्यांवरून कळते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अन्ननासाडी अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. हॉटेले आणि दुकाने त्यामागून येतात. भारतातल्या घरांचा त्यातला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. या मोजणीत साली आणि कोयीही धरलेल्या असतात, त्यामुळे ५५ किलो म्हणजे ५५ किलो जेवण असे समजू नये. तरीही मुद्दा राहतो. भाताच्या एका मुदीमागे शेताला दिलेले पाणी, खत, गिरणीची वीज, वाहतूक आणि शेवटी घरचा गॅस असे सगळे खर्ची पडलेले असते, आणि ती मूद टाकून तिचे खत केले तर यातले जवळजवळ काहीच परत मिळत नाही. दुधीच्या सालीचे खत करणे शहाणपणाचे आहे. भाताचे खत करणे म्हणजे नुकसान नीटनेटके करणे.

उरलेल्याचा उपयोग मराठी घरांना शिकवावा लागत नाही. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, उरलेली आमटी घालून भिजवलेल्या पिठाची थालीपिठे, आंबट दह्याची कढी हे सगळे आमच्याकडे पूर्वीपासून होत आले आहे, आणि इंदुरात राहून त्यात उरलेल्या बाफल्यांच्या, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, चुरम्याची भर पडली. एक सावधगिरी मात्र लिहून ठेवतो. उन्हाळ्यात रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणीला घालण्याची रीत सोडायला हवी. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू उबदार हवेत वाढतो आणि त्याचे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. भात तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला तरच दुसऱ्या दिवशी तो खाण्यायोग्य समजावा. सालींच्या बाबतीतही थोडा विवेक हवा. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी, लाल भोपळ्याच्या सालीची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, फ्लॉवरचे कोवळे दांडे, वाटणात कोथिंबिरीच्या काड्या, हे चवीसाठीच करावे असे पदार्थ आहेत. बटल्याच्या सालींची भाजी मात्र एकदा करून पाहावी आणि सोडून द्यावी. आतला पापुद्रा काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसऱ्या दोन भाज्या होतात.

मडक्यामुळे बाजाराचा हिशेबही उघडा पडतो. आमच्यापासून चोइथराम मंडी फार दूर नाही, आणि तिथला भाव ऐकून टोमॅटो किंवा काकड्या पिशवीभर आणण्याचा मोह होतो. घरात फ्रिजचा खालचा कप्पा भरतो, आठवड्याच्या शेवटी त्यातले काही मऊ पडते आणि मडक्याच्या तोंडाशी येते. पाव किलोला चार रुपये जास्त देऊन दारावरच्या हातगाडीवाल्याकडून रोजच्या रोज घेतलेली भाजी टाकावी लागत नाही, त्यामुळे शेवटी तीच स्वस्त पडते. सुक्या कचऱ्याबाबत हा संच अर्थातच काही करत नाही. शेव आणि नमकीन हे इंदूरचे अर्धे जेवण आहे आणि त्याची पाकिटे कुठल्याच मडक्यात कुजत नाहीत. घरून डबा नेला तर सुटे नमकीन विकणारे बरेच दुकानदार डब्याचे वजन वजा करून माल देतात, एवढे नोंदवून पुढे जातो.

पर्यायांत पहिला मान महापालिकेच्या गाडीचाच आहे आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. इंदूरमध्ये घरोघरचा कचरा ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक असा सहा भागांत वेगळा घेतला जातो. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात या शहराचे नाव सलग वर राहिले, त्याच्या मुळाशी ही दारातली विभागणी आहे. ओला कचरा हस्तांतरण केंद्रावरून देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची असून त्यातून रोज सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे अशी त्याची आखणी आहे. बंद टाकीत, हवेविना कुजवल्यामुळे जो मिथेन तयार होतो तो तिथे पकडून इंधन म्हणून वापरतात. कचऱ्याच्या उघड्या डोंगरावर हाच मिथेन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. आपले मडके हवेशीर असल्याने त्यात मिथेन जवळजवळ होत नाही, पण त्यातून गॅसही मिळत नाही. तेव्हा ज्या गावात ओला कचरा अजून डोंगरावर जातो तिथे हा संच पर्यावरणाचे थेट काम करतो. इंदूरमध्ये तो गाडीच्या फेऱ्यांचा भार थोडा हलका करतो, इतकेच म्हणता येईल. मडके घेतले नाही म्हणून इथल्या कुणी मनाला लावून घेण्याचे कारण नाही. कचरा नीट वेगळा करून दिला तर अर्ध्याहून अधिक काम झाले, कारण प्लास्टिक मिसळलेला ओला कचरा त्या प्रकल्पालाही पचत नाही.

इतर साधनांबद्दल थोडक्यात. बोकाशीची, म्हणजे कचरा हवेविना आंबवण्याची, झाकणबंद बादली शिजलेले अन्नही घेते, परंतु तिच्यासाठी जिवाणू मिसळलेला कोंडा सतत विकत घ्यावा लागतो आणि आंबवलेला माल शेवटी मातीत पुरावा लागतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याकडे ती माती नसते. गांडूळखताला साधारण १५ ते २५ अंशांची हवा मानवते आणि ३५च्या पुढे गांडुळे मरू लागतात, तेव्हा इंदूरच्या गच्चीवर मे महिन्यात त्यांचे हाल होतात. विजेवर चालणारी यंत्रे अन्न तापवून, वाळवून त्याचा चुरा करतात. तो चुरा म्हणजे मुरलेले खत नव्हे, आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत पाहता मी त्या वाटेला जाणार नाही.

मडक्यातून निघणारे खत चांगले आहे, पण फार नाही. आकारमान इतके घटते की तळाचे मडके भरायला बराच काळ लागतो. तुळस, कढीपत्ता, मोगरा आणि थंडीतली मेथी यांना ते भरपूर झाले. तयार खताला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि ते हाताला गरम लागत नाही. शंका असल्यास ओंजळभर खत पिशवीत बांधून काही दिवस ठेवावे, उघडल्यावर आंबूस वास आला तर ते अजून कच्चे आहे. कुंडीत मातीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घालू नये. एक गंमत म्हणजे या खताबरोबर टोमॅटो, पपई आणि भोपळ्याची रोपे न लावता उगवतात. एवढ्याशा ढिगात बी मरण्याइतकी, म्हणजे ५५ अंशांच्या वरची उष्णता टिकत नाही. कुणाला ही तक्रार वाटेल; आम्ही दोन टोमॅटो वाढू दिले.

एकंदरीत, ज्यांच्याकडे सावलीची गच्ची किंवा मागील अंगण आहे, थोड्याफार कुंड्या आहेत आणि घरात रोज दोन वेळा स्वयंपाक होतो, त्यांनी हा संच अवश्य घ्यावा. पाचपैकी साडेतीन गुण मी देईन. अर्धा गुण पकडायला कान नाहीत म्हणून, अर्धा पुस्तिकेसाठी आणि उरलेला अर्धा उन्हाळ्यासाठी कापला आहे. पश्चिमेच्या उन्हाची बाल्कनी असलेल्यांनी, वारंवार प्रवास करणाऱ्यांनी आणि वजन उचलण्याची मनाई असलेल्यांनी गाडीवरच विसंबावे, फक्त शिजलेल्या अन्नाचा वाडगा वेगळा ठेवून पाहावा. त्याला काही खर्च नाही. संच घेणाऱ्यांनी तो शक्यतो दुकानात जाऊन, प्रत्येक मडके बोटाने वाजवून, खणखणीत आवाज ऐकून घ्यावा आणि एकटे मडके किंवा झाकण पुढे सुटे मिळेल का हे पावतीवर लिहून घ्यावे. जाळीची दोरी नायलॉनची असल्यास बरी, कारण काथ्याची दोरी मालाबरोबर कुजते. सुरुवात दिवाळीनंतर करावी. पहिल्या भरावाला लागणारी पाने तेव्हा झाडावरच असतात, म्हणून तेवढ्यापुरता जवळच्या वखारीतून लाकडाचा भुसा आणून ठेवावा.